'पावणाई'वरचे सहाजण

१

पेजेच्या टोपावरचं झाकण खडखडलं, आणि तीन दिवस मुकं पडलेलं घर दचकून जागं झालं.

योगिनीने झाकण कलतं केलं. गाव नुकताच गावपळणीहून परतला होता. दर चार वर्षांनी रवळनाथाचा कौल झाला की खाजणवाडी रिकामी होते. माणसं, गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री-मांजरं, जे जे म्हणून जितं आहे ते सगळं शिवेबाहेर जातं. व्हाळाचं पाणी ओलांडून पलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या बांधून तीन दिवस राहायचं, भजनं करायची, एका चुलीवर दहा घरांचं रांधायचं. मागे गावात श्वास घेणारं काही ठेवायचं नाही. तो रिकामा गाव तेवढे दिवस देवाचा.

पाच वर्षांची संचिता ओटीवर पेंगत होती. तिला दोन घास भरवायचे, ती झोपली की 'खाडीवारा'ची बातमी लिहायची, असा योगिनीचा बेत होता. मालवणहून निघणाऱ्या त्या साप्ताहिकात ती गावाचं वर्तमान लिहायची. कोणाची होडी दर्यात उतरली, कोणाकडे बारसं झालं, आणि शेवटी जुन्या दिवसांचा एखादा तुकडा. नवरा किरण गोव्याला नोकरीला. लेकीची झोप हाच तिचा लिहायचा वेळ.

"योगिनी बाय! गो योगिनी बाय!"

वाचनालयाचे बाबलीकाका पायऱ्या चढून आले. पन्नाशीचा माणूस, धावत आल्याने धापा टाकत होता आणि चेहरा पार उतरलेला.

"काय झाला, काका?"

"फोटो नाय गो. 'पावणाई'चो फोटो. भिंतीर नुसतो खिळो आसा."

योगिनीच्या हातातला डाव तसाच राहिला.

१९७९ सालची गोष्ट. 'पावणाई' ही नवीकोरी होडी दर्यात लोटायच्या दिवशी मालवणच्या फोटोवाल्याने तिच्यासमोर उभ्या सहा खलाशांचा फोटो काढला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास वादळ झालं. होडी परत आली नाही, फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. त्या सहाजणांत डावीकडून दुसरा, होडीवर गायीच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून हसणारा, तो रविकांत. योगिनीचा बाप. तेव्हा योगिनी एका वर्षाची होती. त्याचा दुसरा फोटो जगात नव्हता.

मालवणला नेऊन त्या फोटोची प्रत काढायची, हे ती दोन वर्षं घोकत होती. कधी पोरीला ताप, कधी सासूबाईंचं दुखणं. गावपळणीहून आल्यावर पहिलं काम तेच, असं तिने यंदा ठरवलेलं.

"कुलूप फोडल्यानी?"

"ताच तर." बाबलीकाकांचा आवाज बसला. "कुलूप जसाच्या तसा आसा. आणि गावात तीन दिवस चिटपाखरू नव्हता!"

२

वाचनालय म्हणजे शाळेच्या बाजूची एक खोली. योगिनी संचिताला कडेवर घेऊन पोचली तेव्हा दारात दहा-पंधरा माणसं जमली होती. मधोमध वाचनालयाचे अध्यक्ष दाजी. सगळा जन्म मास्तरकीत गेलेला, त्यामुळे समोरच्याला बाकावर उभा करायची सवय सुटलेली नव्हती.

"चावी कोणाकडे होती?" दाजींनी विचारलं. ते रागावले की पुस्तकातलं मराठी बोलत.

"माझ्याकडे, दाजीनूं."

"तीन दिवस?"

"तीन दिवस. कंबरेक."

"मग फोटो काय स्वतःच्या पायाने चालत गेला? बाबली, उद्या संध्याकाळपर्यंत तो भिंतीवर दिसला नाही, तर चावी माझ्या हातात आणून द्यायची."

"असा काय बोलतास तुमी? वीस वर्सां मी हय झाडू मारतंय!"

"गावातलो कोण शिवेच्या आत येवचो नाय," मागून कोणीतरी म्हणालं. "देवाचो गाव तो. भायरचोच कोणतरी असतलो."

यावर सगळ्यांच्या माना हलल्या. बाहेरचा म्हटलं की गाव सुटला.

योगिनी आत शिरली. फोटो दाराआडच्या भिंतीवर असायचा. दार उघडलं की ते फळकुट फोटोपुढे यायचं. खिळ्याखाली फिकट चौकोन उरला होता. टेबलावर वर्तमानपत्रांचे दोन अंक अस्ताव्यस्त टाकलेले. तिने ते उचलले. खाली चंदनाचा हार होता. यंदा 'पावणाई'ला पंचवीस वर्षं झाली म्हणून समितीने दिवाळीनंतर फोटोला घातलेला. तो ओरबाडून टाकलेला नव्हता. चार पदरी नीट घडी घालून ठेवलेला, देवाचा हार काढून ठेवावा तसा.

तिने वर्तमानपत्रांवरची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली.

"काका, हे पेपर तुमीच हय टाकलात?"

"निघाच्या दिवशी सकाळी. पयल्या एस्टीन इले, दारातसूनच टाकलंय. शेळये भायर न्हेवचे होते, आत जावक टायम खंय होतो?"

"मगे फुडल्या तीन दिवसांचे पेपर?"

"शिवेरच्या चायवाल्याकडे पडान होते. गावात कोण हाडतलो?"

योगिनीने पेपरांची घडी घालून ठेवली. तेवढ्यात दाजींनी दारातून ऐकवलं, "आणि तो 'खाडीवारा'वाला नितेश? तो गावपळणीत इथे फिरत होता, असं चहावाला म्हणतो."

३

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने ती मालवणला उतरली. संचिता बरोबर होतीच. 'खाडीवारा'च्या कचेरीत नितेश एकटा होता. तिशीच्या आतला, गळ्यात कॅमेरा, साप्ताहिकाचा संपादकही तोच आणि गठ्ठे बांधणाराही तोच.

"वहिनी, बातमी आणलीत?"

"बातमी तुमीच केलास. गावपळणीत गावात गेल्लास?"

नितेशने आधी दाराकडे पाहिलं. मग हात जोडले. "पाया पडतो, गावात सांगू नका. मेले मला व्हाळात बुडवतील. पहिल्या दिवशी दुपारी गेलो होतो. रिकाम्या गावाचे फोटो कोणी छापलेच नाहीत आजवर. पण दहा मिनिटांत पळालो. अहो, एक कोंबडा आरवत नाही, कुठे भांडं वाजत नाही. आपल्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटायला लागलं."

"आणि वाचनालय?"

"खिडकीतून डोकावलो. विशेषांकासाठी 'पावणाई'चा फोटो हवा होता ना. पण भिंत मोकळी होती." तो तिच्याकडे बघत राहिला. "मला वाटलं, तुम्हीच नेलात प्रत काढायला. तुमच्या वडलांचा फोटो, दुसरं कोण नेणार?"

संचिता टेबलावरच्या खळीच्या बाटलीत बोट घालत होती. योगिनीने तिचा हात धरला, पण तिचं लक्ष नव्हतं. पहिल्या दुपारीच भिंत मोकळी होती. हा खरं बोलत असेल तर.

"एक नाव सांगू?" नितेश म्हणाला. "तारकर्लीचा ओंकार. त्याच्या लॉजच्या भिंती बघून या. दुसऱ्यांचे आजे-पणजे टांगलेत त्याने."

४

ओंकारचा लॉज माडांच्या बागेत होता, पुढे वाळू आणि मग सरळ दर्या. जेवणघरात जुनी वल्ही, फाटकी जाळी, पितळी दिवे. आणि खरोखरच फोटो. फेटेवाले म्हातारे, नऊवारीतल्या बाया, कोणाचं तरी लग्न. पुण्याकडची चार पाव्हणी त्यांच्याखाली बसून सोलकढी पीत होती. योगिनीने एकेक फ्रेम पाहिली. यांच्याही घरी कोणी भिंतीवरचा चौकोन बघत बसलं असेल काय, असं तिच्या मनात आलं.

ओंकार अंगाने आडवा, बोलायला मोकळा. तिने सरळ विचारल्यावर तो हसला.

"तुमच्या दाजींकडे मीच मागलेलंय तो फोटो. नायच म्हटल्यानी, वर माका अर्धो तास इतिहास शिकवल्यानी! मगे मी नाद सोडलंय. माका होडी व्हयी होती गो, माणसां नको. मेलेल्या माणसांखाली बसान पाव्हण्यांका जेवण जाता?"

"हे काय जिते आसत?" तिने भिंतीकडे बोट केलं.

ओंकारचं हसू जरा ओशाळं झालं. "ते म्हातारे होवन गेले. तुमचे दर्यान न्हेलेले. फरक आसा."

"गावपळणीत माका तुमची जीप दिसलेली."

"निघाच्या दिवशी शिवेर होतंय. पाव्हण्यांका दाखवूक हाडलेलंय. काय तो थाट! कोंबे टोपलेत, मांजरां पिशयेत. एका पोरान तर बाटलयेत मासो घेतलेलो! एक म्हातारी गोधडी उराक लावन, वरसून पदर घेवन चल्ली होती, तान्ह्या पोराक उन लागा नये तशी. पाव्हणे खूश. आत मातर मी पाय घालूक नाय. देवाची भीती माकाय आसा."

परतीच्या एस्टीत संचिता मांडीवर झोपली. खिडकीतून खाडी मागे जात होती. योगिनीने डोळे मिटून बापाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. होडीवरचा हात आठवला, सदऱ्याची गुंडाळलेली बाही आठवली. हसू आठवलं. नाक? कपाळ? तिथे नुसता पांढरा डाग येत होता. फोटो गेल्याचं कळून अजून पुरते दोन दिवस झाले नव्हते आणि चेहरा पुसायला लागला होता. तिने घाईघाईने डोळे उघडले.

५

एस्टीतून उतरून ती आधी आईकडे गेली. प्रेमलता अंगणात सुकी मच्छी उलटीपालटी करत होती. नात दिसताच तिने हात धुतले.

"आये, दिवाळीनंतर तू वाचनालयात गेल्लस?"

"मी कित्याक जावू? माका तेचो चेहरो पाठ आसा."

"तेका हार घातलेलो, ता बघून तुका वाईट नाय वाटला?"

प्रेमलता पदराला हात पुसत राहिली. "वाईट वाटाचा ता वाटान झाला, बाय. बारा वर्सां वाट बघितलंय. कोण म्हणा लंकेक लागले, कोण म्हणा पाकिस्तानान धरल्यान. मगे भटजीन सांगल्यान, दर्भाचो पुतळो करून क्रिया करा. केलंय. तेका पाणी तरी मेळाक व्हया ना? त्या दिवशी मंगळसूत्र काढलंय, आणि रात्री तुका कुशीत घेवन पयल्यांदा झोप लागली माका." तिने पदर सारखा केला. "सगळ्यांनीच केल्यांनी. पाच घरांनी."

"पाच?"

"पाच."

"आये, होडयेर सहाजण होते."

 प्रेमलता पुन्हा मच्छीकडे वळली.

योगिनी तशीच पायरीवर बसली, आणि एकेक गाठ सुटत गेली.

हार वर्तमानपत्रांच्या खाली होता. वर्तमानपत्रं निघायच्या सकाळी टाकलेली. म्हणजे हार त्याच्या आधी उतरला. फोटोही आधीच गेला. बाबलीकाका दारातूनच फिरले आणि उघड्या दाराआडची भिंत त्यांना दिसली नाही. नितेश खरं बोलत होता. दार बंद होतं, त्यामुळे भिंत झाकली गेली नव्हती आणि खिडकीतून ती त्याला मोकळी दिसली. त्याने किंवा ओंकारने रिकाम्या गावातून फोटो नेला असता, तर हार वर्तमानपत्रांवर पडला असता. कुलूप शाबूत राहिलं, कारण फोटो गेला तेव्हा ते लागलेलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी वाचनालय उघडं होतं.

म्हणजे बाहेरचं कोणी नव्हे. गावातलंच. आणि हार? विकायला नेणारा हाराची घडी घालत बसत नाही. ज्याला फोटो हवा पण हार नको, त्याचंच हे काम.

ती बाबलीकाकांच्या घरी गेली. ते ओटीवर चावी पुढ्यात ठेवून बसले होते.

"काका, निघाच्या आदल्या सांजेक वाचनालयात कोण कोण इल्ला?"

"कोण येतला? सगळ्यांची बांधाबांध चल्ली होती. दाजी पेपर वाचून गेले. पोरां कॅरम खेळूक इली, तेंका हाकललंय. आणि शेवंतीकाकी. ती काय, दिवेलागणीक रोजच येता. फोटोची काच पदरान पुसता आणि जाता." मग त्यांना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. "गो, ती पंचाहत्तरची म्हातारी! ती कित्याक चोरतली?"

योगिनीने चावीकडे पाहिलं. "चोरूक नाय, काका. गावपळणीक काय काय भायर न्हेतत?"

"जितां आसा ता सगळां."

बोलून झाल्यावर बाबलीकाकांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

६

शेवंतीचं घर खालच्या वाडीत, किनाऱ्याला सगळ्यात जवळचं. 'पावणाई'वरचा सगळ्यात लहान खलाशी गुणाजी, तो तिचा एकुलता एक झील. मिसरूडसुद्धा नीट फुटलेली नव्हती.

दार लोटलेलं होतं. योगिनी संचिताचं बोट धरून आत गेली. म्हातारी चुलीशी बसली होती. समोर भिंतीला टेकवून, पाटावर, फोटो. काच लखलखीत पुसलेली.

शेवंतीने वळून पाहिलं, पण उठायचा प्रयत्न केला नाही.

"तू येतलंस ता माका ठावक होता. बस."

"मावशे, फोटो तू न्हेलंस?"

"न्हेलंय." मग ती एकदम कडाडली, "आणि काय करू? तेंका थंय ठेवन जावू? जितां माणूस गावपळणीत गावात ठेवतत? त्या दाजीन हार घातल्यान. माझ्या झिलाक! माका इचारल्यान? मी तेका मेलो म्हटलंय कधी?"

योगिनीने संचिताला जवळ ओढलं.

"आदीच्या गावपळणीत माका काय वाटाक नाय," म्हातारीचा आवाज खाली आला. "फोटो आसा, रवांदे म्हटलंय. पण यंदा तो हार बघलंय. हार घाललेलो तेका गावात ठेवन मी भायर गेलंय, तर मीच तेका मेलेल्यांत टाकलंय, असा होयत ना गो? बाबल्या पोरांका हाकलूक भायर गेलो, तेवा हार काढलंय. देवाधर्माची वस्तू, घडी करून ठेवलंय. गोधडयेत घेतलंय आणि चलाक लागलंय."

"परत हाडून लावूचो होतो. बाबलीकाकांका चोर म्हणतत."

"हाडतलंय होतंय! दारात माणसां बघलंय. हार थंयच आसा म्हणान सगळी बोलत होती. टांगलंय तर परत घालतले." तिने डोळे पुसले. "बाबल्याचा माका कळाक नाय. तेका बोल लागलो तो माझ्यामुळे."

चुलीतलं लाकूड तडतडलं.  योगिनीला विचारायचं एकच होतं आणि तेच ओठांवर येत नव्हतं.

"मावशे, फोटोत बाकीचे पाचजण होते. तेंची क्रिया झाली. माझ्या बापाशीचीय."

"मगे?" शेवंतीने तिच्याकडे खुळ्या पोरीकडे बघावं तसं पाहिलं. "एकट्या माझ्याक कसो न्हेव? एका होडयेतली माणसां ती. सगळ्यांकच न्हेलंय. माळार झोपडयेत रोज सा जागी पेज वाढलंय. तुझ्या बापाशीक खारातलो आंबो लागा पेजेवांगडा, लहानपणापासून. बाजूच्या झोपडयेतल्या नर्मदेकडसून मागान हाडलंय आणि वाढलंय."

पंचवीस वर्षांत बापाविषयी ही गोष्ट योगिनीला कोणी सांगितली नव्हती. आईने त्याची वाट पाहिल्याचं सांगितलं, वादळाचं सांगितलं, क्रियेचं सांगितलं. पेजेबरोबर त्याला काय आवडायचं हे सांगायचं राहून गेलं होतं. तिच्या बापाने तीन दिवस माळावर पेज खाल्ली होती, तिच्या झोपडीपासून चार झोपड्या पलीकडे, आणि ती तिथेच कुठेतरी संचिताची वेणी घालत होती.

ती फोटोसमोर खाली बसली. नाक होतं. कपाळ होतं. हनुवटी थेट संचिताची. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली, आणि म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

७

संध्याकाळी वाचनालयात फोटो परत आला. योगिनीने तो हातात धरला होता, आणि तिच्या मागे काठी टेकत शेवंती. उद्या तो मालवणला जाणार होता, दोन प्रती काढायला. एक योगिनीकडे, एक खालच्या वाडीत.

"कुठे सापडला?" दाजींनी विचारलं. "कोणी नेला होता?"

योगिनीने बाहेर जमलेल्यांकडे पाहिलं. कोणी सुपारी चघळत होतं, कोणी उगाच खाकरत होतं.

"कोणी चोरूक नाय, दाजीनूं. गाव भायर गेलो, तेंच्यावांगडा हेय भायर गेले. गुणाजीची आवस घेवन गेली."

दाजींनी आधी भुवया वर केल्या. मग त्यांची नजर शेवंतीच्या चेहऱ्यावरून, काठीवरून फिरली आणि टेबलावरच्या हारावर येऊन थांबली. एवढ्या वर्षांत गावाने त्यांना शब्दासाठी अडखळताना पाहिलं नव्हतं.

"बाबली," ते शेवटी म्हणाले, आणि कालपासून पहिल्यांदाच मालवणीत म्हणाले, "चावी तुझ्याकडेच रवांदे. माझा चुकला. आणि फोटो दाराआड नको लावूस. समोरच्या भिंतीर लाव, उजेडात."

हार त्यांनी उचलला आणि कोटाच्या खिशात घातला. बाबलीकाका स्टुलावर चढले. "सरळ आसा काय गो काकी?" "जरा डावीकडे, मेल्या. पडतलंस." कोणीतरी हसलं.

तेवढ्यात योगिनीला दारात आई दिसली. प्रेमलता उंबऱ्यावरच थांबली होती, आत न येता. एवढ्या वर्षांनी ती नवऱ्याकडे बघत होती. तो सव्वीस वर्षांचा आणि ती पन्नाशीला आलेली. शेवंतीने बाजूला सरकून तिला जागा केली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीचं कपाळ बारा वर्षं वाट पाहून मोकळं झालेलं. दुसरी अजून वाट पाहत होती. दोघींपैकी कोणाचं खरं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

संचिता मान वर करून त्या सहाजणांना न्याहाळत होती. मग तिने शेवंतीच्या थरथरणाऱ्या काठीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि योगिनीचा पदर ओढला.

"आये, पुढच्या गावपळणीक शेवंती आजी नसली, तर आजोबांका भायर कोण न्हेतला? तू?"